डेस्कटॉपचा आवाज नीट लावण्याचा क्रम: पिनपासून मिक्सरपर्यंत

‘आवाज फारच बारीक येतोय.’ ‘मीटिंग सुरू झाली की गाणं दबतं.’ ‘कालपर्यंत ठीक होतं, आज स्पीकर गप्प.’ डेस्कटॉपच्या आवाजाच्या तक्रारी फिरून फिरून याच असतात, आणि त्यावर घरोघरी होणारा उपायही एकच: दिसेल ती पट्टी शंभरावर न्यायची. मग आवाज फाटतो, नोटिफिकेशन वाजलं की दचकायला होतं, आणि ‘स्पीकर गेला वाटतं’ म्हणत नवा आणला जातो. नव्यावरही तेच.

स्पीकर बहुतेक वेळा शाबूत असतो, क्रम चुकलेला असतो. आवाज कानापर्यंत पोचेपर्यंत निदान चार ठिकाणी कमी-जास्त होतो: प्लेअर किंवा ब्राउझरमधली पट्टी, विंडोजच्या मिक्सरमधली (जिथे प्रत्येक अ‍ॅपचा आवाज वेगळा लावता येतो) त्या अ‍ॅपची पट्टी, विंडोजचा मुख्य आवाज आणि स्पीकरवरचा नॉब. एकाच पाइपवर ओळीने बसवलेल्या नळांसारखं समजा. मधला एक जरी अर्धवट बंद असला तरी शेवटचा कितीही सोडा, धार तेवढीच. म्हणून उगमाकडून सुरुवात करायची आणि स्पीकरचा नॉब सगळ्यांत शेवटी फिरवायचा. पुढचे सगळे टप्पे या एका गोष्टीवर उभे आहेत.

टप्पे विंडोज ११ धरून लिहिले आहेत. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तरी ती असंख्य घरांत आणि ऑफिसांत चालूच आहे. म्हणून जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे. लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे वेगळा भाग आहे, पण पहिले तीन टप्पे त्यांनीही वाचावेत.

## सुरुवात करण्याआधी

स्पीकरचा नॉब जवळजवळ शून्यावर आणा. हेडफोन वापरत असाल तर ते कानातून काढून टेबलावर ठेवा. अर्धवट जुळवाजुळवीत एखादी पट्टी अचानक शंभरावर सापडते आणि कानठळ्या बसतात.

ब्लूटूथ बंद करा. शेजारच्या खोलीतला इअरबड आपोआप जोडला गेला आणि आवाज तिकडे गेला, हे वाटतं त्यापेक्षा फार वेळा घडतं.

तपासणीसाठी दोन फायली हाताशी ठेवा: एक नुसत्या बोलण्याची आणि एक तुमच्या चांगल्या ओळखीच्या गाण्याची. त्या कॉम्प्युटरवर साठवलेल्या असाव्यात. यूट्यूबवर तपासू नका, कारण तिथे ब्राउझर, यूट्यूबची स्वतःची पट्टी आणि यूट्यूब मोठ्या आवाजाचे व्हिडिओ आपणहून खाली आणतं ते, अशा तीन गोष्टी मध्ये येतात. कोण काय करतंय ते कळत नाही.

आणखी एक गोष्ट, जी सॉफ्टवेअरमध्ये शोधून सापडणार नाही. काहीही वाजत नसताना स्पीकरमधून सतत ‘घूं’ असा जाड आवाज येत असेल, तर आधी सॉकेटचं अर्थिंग बघा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि ती गुणगुण तिचीच असते. तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा अडॅप्टर लावलेला असेल, तर तो काढा आणि पीसी व स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या. बऱ्याच ठिकाणी एवढ्यावरच भागतं.

## टप्पा १: पिन बरोबर भोकात आहे का

कॅबिनेटच्या मागे साधारण तीन रंगांची भोकं असतात. हिरवं स्पीकर किंवा हेडफोनसाठी, गुलाबी माइकसाठी, निळं बाहेरून आवाज आत घेण्यासाठी. काही मदरबोर्डवर काळं आणि केशरीही असतं, ती मागच्या आणि मधल्या स्पीकरांसाठी. दोन स्पीकर आणि एक वूफर असलेल्या नेहमीच्या सेटची एकच पिन असते आणि ती हिरव्यातच जाते. वूफर वेगळा दिसतो म्हणून केशरीत पिन लावलेले सेट मी पाहिले आहेत. मग आवाज नीट येणार कसा!

मोबाइलच्या हेडसेटची गंमत वेगळी. त्याच्या पिनेवर तीन काळ्या रेघा असतात, म्हणजे माइक आणि हेडफोन एकाच पिनेत. डेस्कटॉपच्या मागची भोकं मात्र वेगवेगळी. असा हेडसेट हिरव्यात लावला की ऐकू येतं, पण माइक चालत नाही; गुलाबीत लावला तर उलटे प्रश्न. त्यासाठी एका पिनेच्या दोन करणारी वाय आकाराची छोटी तार मिळते, ती आणा. सेटिंग्जमध्ये कितीही शोधलंत तरी याला दुसरा इलाज नाही.

शक्य तितकं मागचं भोक वापरा. पुढचं भोक कॅबिनेटमधून जाणाऱ्या एका बारीक वायरने मदरबोर्डला जोडलेलं असतं. असेम्बल केलेल्या मशीनमध्ये ती वायर कधी लावलेलीच नसते, आणि लावली असली तरी तिच्यात आतली खरखर शिरते. माउस हलवला की कानात बारीक चिरचिर ऐकू येते ती हीच.

तपासा: पिन टक आवाज करून पूर्ण बसली पाहिजे. अर्धवट बसली तर एकाच बाजूने आवाज येतो किंवा बोलणं खोल विहिरीतून आल्यासारखं लागतं.

## टप्पा २: आवाज कोणत्या दारातून बाहेर पडतोय

टास्कबारवरच्या स्पीकरच्या चिन्हावर क्लिक करा. जी पट्टी उघडते तिच्या शेजारी छोटा बाण आहे, त्यावर क्लिक केलं की आवाज बाहेर पडण्याच्या सगळ्या वाटा दिसतात. कीबोर्डवर विंडोज, कंट्रोल आणि व्ही एकत्र दाबलं तरी अलीकडच्या विंडोज ११ मध्ये हीच यादी मिक्सरसकट उघडते. हा शॉर्टकट लक्षात ठेवण्यासारखा आहे.

यादीत मॉनिटरच्या कंपनीचं किंवा मॉडेलचं नाव दिसलं तर थांबा. एचडीएमआय किंवा डिस्प्लेपोर्टची केबल चित्रासोबत आवाजही नेते, म्हणून विंडोज मॉनिटरलाही स्पीकर समजते. मॉनिटरमध्ये स्पीकर असो वा नसो! ग्राफिक्स ड्रायव्हर (पडद्यावरचं चित्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) अपडेट झाला की निवड कधी कधी परस्पर त्या मॉनिटरवर जाते. ‘कालपर्यंत चालू होतं’ या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच मिळतं. हिरव्या भोकासाठी सहसा ‘स्पीकर्स’ आणि पुढे साउंड चिपचं नाव असं लिहिलेलं असतं, ते निवडा.

इथे दोन गोष्टींत लोक चुकतात.

पहिली: विंडोज प्रत्येक वाटेचा आवाज वेगळा लक्षात ठेवते. स्पीकर ३० वर आणि हेडफोन ९० वर असू शकतो. वाट बदलली की आकडाही बदलतो. त्यामुळे ‘आवाज आपोआप वाढला’ असं वाटलं तर आधी वाट बदलली आहे का ते बघा.

दुसरी: डिफॉल्ट दोन असतात. सेटिंग्ज, मग सिस्टीम, मग साउंड, आणि सगळ्यांत खाली ‘मोअर साउंड सेटिंग्ज’ उघडा. विंडोज १० मध्ये याच पानावर ‘साउंड कंट्रोल पॅनल’ अशी लिंक आहे. जुन्या धाटणीची खिडकी येईल. तिच्या प्लेबॅक टॅबमध्ये एका यंत्रावर हिरवी बरोबरची खूण असते, तो नेहमीचा डिफॉल्ट. दुसऱ्यावर हिरवा फोन असू शकतो, तो कॉलसाठीचा डिफॉल्ट. गाणी स्पीकरवर आणि मीटिंगचा आवाज भलतीकडे, असं होत असेल तर कारण हेच. हव्या त्या यंत्रावर राइट क्लिक करून दोन्ही डिफॉल्ट त्यालाच द्या, किंवा मुद्दाम वेगळे ठेवा. पण कुठे काय आहे ते माहीत असू द्या.

तपासा: याच खिडकीत यंत्र निवडून ‘कॉन्फिगर’ दाबा आणि ‘टेस्ट’ करा. आधी डावीकडून, मग उजवीकडून आवाज आला पाहिजे. उलट आला तर स्पीकर टेबलावर उलटे ठेवले आहेत. सेटिंग बदलू नका, स्पीकर बदला.

## टप्पा ३: उगमाकडून पातळी लावणे

आता मुख्य काम. क्रम मोडू नका.

१. तुमची फाइल प्लेअरमध्ये लावा आणि प्लेअरची पट्टी १०० वर न्या. त्याच्या पुढे नाही. व्हीएलसीची पट्टी १२५ पर्यंत जाते आणि लोकांचा हात तिकडेच जातो. डिजिटल आवाजाला वरची एक मर्यादा असते. तिच्यापलीकडे ढकललेल्या लाटेचा माथा सपाट कापला जातो. त्यालाच आपण आवाज फाटणं म्हणतो. एकदा फाटलेला आवाज पुढे कुठलीही पट्टी कमी करून सांधता येत नाही. तो फक्त बारीक आणि फाटका होतो.

२. मिक्सरमध्ये त्या अ‍ॅपची पट्टी १०० वर ठेवा. मिक्सरचं सविस्तर पुढच्या टप्प्यात आहे.

३. विंडोजचा मुख्य आवाज ७५ ते ८० वर. शंभरावरही चालतो, पण मग कीबोर्डवरून वाढवायला जागा राहत नाही. कीबोर्डचं एक बटण एका दाबाला दोन अंकांनी वर-खाली करतं. विंडोज ११ मध्ये टास्कबारच्या स्पीकर-चिन्हावर माउसचं चाक फिरवलं तरी तेच होतं.

४. सगळं झाल्यावर स्पीकरचा नॉब हळूहळू वर आणा आणि खोलीत जितका मोठा आवाज जास्तीत जास्त लागेल तिथे थांबवा. तिथे पेनाने एक बारीक खूण करून ठेवली तर उत्तम. यापुढे रोजची वर-खाली विंडोजवरून करा, नॉबला हात लावू नका.

उलटा प्रकार फार दिसतो: विंडोज १५ वर आणि नॉब पूर्ण फिरवलेला. त्यात स्पीकरमधल्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्वतःचा ‘स्स्स’ कायम ऐकू येतो. शिवाय लहान मुलाने कीबोर्डवरचं बटण धरून ठेवलं तर घर हादरतं.

तपासा: फाइल थांबवा, नॉब खुणेवरच असू द्या. शांत खोलीत एका हातावरून ‘स्स्स’ ऐकू येत असेल तर नॉब थोडा उतरवा आणि विंडोज वाढवा.

सावधान: हेडफोनला नॉब नसतो, म्हणून वरचे आकडे जसेच्या तसे वापरू नका. मुख्य आवाज १० पासून सुरू करून चढवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणं ठीक; आवाज चढला की हे तास भराभर घटतात. दिवसभर हेडसेट लावून काम करणाऱ्यांनी हा हिशोब मनात ठेवावा.

## टप्पा ४: व्हॉल्यूम मिक्सर

टास्कबारच्या स्पीकर-चिन्हावर राइट क्लिक करा आणि ‘ओपन व्हॉल्यूम मिक्सर’ निवडा. विंडोज १० मध्ये उभ्या पट्ट्यांची जुनी खिडकी येते, ११ मध्ये सेटिंग्जचं पान.

अ‍ॅप या यादीत दिसायला त्याने आधी आवाज काढलेला असावा लागतो. प्लेअर नुसता उघडा ठेवून ‘मिक्सरमध्ये नाव येत नाही’ म्हणू नका. फाइल वाजवा, मग बघा.

दोन आवृत्त्यांत एक फरक आहे आणि तो फार गोंधळ घालतो. विंडोज ११ च्या पानावर अ‍ॅपची पट्टी मुख्य आवाजाच्या प्रमाणात मोजली जाते. मुख्य ५० आणि अ‍ॅप १०० म्हणजे त्या अ‍ॅपला मुख्य आवाजाइतकी पूर्ण मोकळीक. विंडोज १० च्या जुन्या खिडकीत अ‍ॅपची पट्टी मुख्य पट्टीच्या वर जाऊच शकत नाही. ओढून वर नेलीत तर ती मुख्य पट्टीलाही सोबत वर नेते आणि बाकी सगळं मोठं होतं. म्हणून त्या खिडकीत वाढवायचं काम मुख्य पट्टीकडे आणि कमी करायचं काम अ‍ॅपच्या पट्ट्यांकडे, असं वाटून द्या.

खरं तर दोन्हीकडे हाच नियम पाळावा. मिक्सर कमी करण्यासाठी आहे. जे अ‍ॅप ऐकायचं आहे ते १०० वर राहू द्या आणि जे बोचतं ते खाली आणा. सगळ्यांत आधी ‘सिस्टीम साउंड्स’ची पट्टी २५-३० वर आणा. मेल आल्याचा टिणटिणाट भजनापेक्षा मोठा असण्याचं काही कारण नाही.

ब्राउझरची मात्र मिक्सरमध्ये सगळी मिळून एकच पट्टी असते. एका टॅबमध्ये क्लास आणि दुसऱ्यात जाहिरात वाजत असेल तर मिक्सर त्यांना वेगळं करू शकत नाही. त्या टॅबवर राइट क्लिक करून साइट म्यूट करा. आणि यूट्यूबची पट्टी एकदा १०० वर नेऊन विसरून जा. तीस-चाळीसवर राहिलेली यूट्यूबची पट्टी हे ‘ब्राउझरमध्येच आवाज कमी येतो’ याचं सगळ्यांत साधं कारण आहे, आणि ती छोटी असल्यामुळे कुणाच्या लक्षातच येत नाही.

विंडोज ११ च्या मिक्सरमध्ये अ‍ॅपच्या नावासमोरचा बाण उघडला की त्या एकट्या अ‍ॅपसाठी वेगळा आउटपुट आणि इनपुट निवडता येतो. सोय झकास आहे: गाणं स्पीकरवर, मीटिंग हेडसेटवर. पण एकदा निवडलं की विंडोज ते लक्षात ठेवते. सहा महिन्यांनी तो हेडसेट मोडतो, नवा येतो, आणि बाकी सगळं वाजत असताना एकच अ‍ॅप मुकं होतं. अशा वेळी तिथे ‘डिफॉल्ट’ निवडा. काय कुठे बदललं आठवत नसेल, तर पानावर ‘रीसेट’चं बटण आहे, ते सगळ्या अ‍ॅपच्या वाटा आणि पट्ट्या मूळ जागी आणतं. त्यानंतर सिस्टीम साउंड्स पुन्हा खाली आणायला विसरू नका.

## टप्पा ५: मीटिंग सुरू झाली की बाकी सगळं का दबतं

ही विंडोजची मुद्दाम ठेवलेली वागणूक आहे. कॉल सुरू झाल्याचं लक्षात आलं की ती इतर आवाज ८० टक्क्यांनी खाली आणते. कॉल संपल्यावर आवाज पूर्ववत व्हायला हवा, पण एखादं अ‍ॅप माइक धरून बसलं तर तो दबलेलाच राहतो.

टप्पा २ मध्ये उघडलेल्या जुन्या धाटणीच्या खिडकीतला ‘कम्युनिकेशन्स’ टॅब उघडा. चार पर्याय आहेत: सगळं म्यूट, ८० टक्के कमी, ५० टक्के कमी, काहीच नको. शेवटचा ‘डू नथिंग’ निवडून ओके करा. मीटिंगमध्ये व्हिडिओ दाखवणाऱ्यांनी, ऑनलाइन क्लास घेणाऱ्यांनी आणि तबल्यासोबत रियाज करणाऱ्यांनी तर हे पहिल्या दिवशीच करून टाकावं.

तपासा: गाणं लावा, एखादी चाचणी मीटिंग सुरू करा. गाण्याची पातळी हलली नाही म्हणजे झालं.

## टप्पा ६: ‘सुधारणा’ आणि दोन्ही कान

सेटिंग्जच्या साउंड पानावर तुमच्या स्पीकरच्या नावावर क्लिक केलं की ‘ऑडिओ एन्हान्समेंट्स’ दिसतं. आवाज पोकळ, घुमल्यासारखा किंवा सतत खालीवर होत असेल तर इथे ‘ऑफ’ करून ऐका. मिक्सर कसाही लावला तरी या प्रक्रिया त्याच्यावर पाणी फिरवतात, म्हणून सुरुवात त्या बंद ठेवूनच करावी असं माझं मत आहे.

अपवाद एक. काही ड्रायव्हर ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ देतात. ते बारीक आवाज वर आणि मोठा खाली आणतं. सिनेमात कुजबुज ऐकू येत नाही आणि मारामारीला घर दणाणतं, अशांना रात्री याचा उपयोग होतो. संगीत ऐकताना बंद ठेवा. आलाप आणि तान यांतला चढउतारच सपाट होतो.

याच पानावर डाव्या आणि उजव्या बाजूच्या स्वतंत्र पट्ट्या असतात. दोन्ही सारख्या हव्यात. एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या माणसासाठी मात्र पट्ट्यांशी खेळू नका. साउंड पानावरचं ‘मोनो ऑडिओ’ चालू करा, म्हणजे दोन्ही बाजूंचं सगळं प्रत्येक कानात येईल.

जुन्या खिडकीत यंत्राच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लेव्हल्स’ टॅब आहे. तिथल्या आकड्यावर राइट क्लिक केलं तर टक्क्यांऐवजी डेसिबल दिसतात. पट्टी ५० वर म्हणजे आवाज निम्मा, असं नसतं हे तिथे डोळ्यांनी दिसतं. शेजारच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ टॅबमध्ये एखाद्या अ‍ॅपला यंत्राचा पूर्ण ताबा घेऊ देणारा पर्याय असतो. एक अ‍ॅप चालू झालं की बाकी सगळी मुकी होतात आणि मिक्सरची पट्टीही त्या अ‍ॅपवर चालत नाही, असं असेल तर ती खूण काढा.

## टप्पा ७: माइक

ऐकण्याचा आवाज आपल्याला ऐकू येतो. माइकचा बिघाड समोरच्याला ऐकू येतो, आणि समोरचा बहुधा भिडस्तपणे सांगत नाही. म्हणून स्वतः मोजा.

साउंड पानावर माइकच्या नावावर क्लिक करा. ‘स्टार्ट टेस्ट’ दाबून नेहमीच्या अंतरावरून, नेहमीच्या आवाजात दोन-तीन वाक्यं बोला आणि थांबवा. आलेली टक्केवारी मधल्या पट्ट्यात, साधारण ५० ते ७५ असावी. शंभरच्या जवळ असेल तर इनपुटची पट्टी उतरवा.

फार कमी येत असेल तर आधी माइक तोंडाजवळ आणा. अंतर अर्धं केलं की मिळणारा फायदा कुठलीही पट्टी देत नाही. तरीही कमीच असेल तर जुन्या खिडकीत रेकॉर्डिंग टॅब, माइकच्या प्रॉपर्टीज, लेव्हल्स. तिथे ‘मायक्रोफोन बूस्ट’ असतो, दहा-दहा डेसिबलच्या पायऱ्यांनी चढणारा. दहा पुरे. तीसवर नेला की पंखा, शेजारचा कुकर आणि रस्त्यावरची रिक्षा सगळे मीटिंगला हजर होतात.

सावधान: माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘लिसन’ टॅबवर ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ची खूण चुकून पडली असेल तर तुमचाच आवाज स्पीकरवर येईल आणि शिट्टी वाजेल. ती काढा.

पट्टी आपोआप खालीवर होते ती विंडोजमुळे नाही. झूम आणि टीम्स दोन्हीत माइकची पातळी स्वतः जुळवण्याचा पर्याय असतो. बोलण्यासाठी तो ठीक आहे. शिकवण्यासाठी नाही.

इथे थोडं थांबतो, कारण पुण्यात किंवा डोंबिवलीत बसून अमेरिकेतल्या मुलांना गाणं शिकवणारे पुष्कळ जण याच जागी अडतात. गुरूंच्या खोलीत तानपुरा छान वाजत असतो, शिष्याला तो ऐकूच येत नाही. पेटीचा लांब सूर मध्येच विरतो. मग माइकचा बूस्ट वाढवला जातो, आणि त्याने काहीच होत नाही. कारण असं की मीटिंगचं अ‍ॅप गोंगाट गाळतं, आणि सतत एकसारखा चालणारा नाद म्हणजे त्याच्या लेखी पंखाच. तानपुरा नेमका तसाच वाजतो!

झूममध्ये सेटिंग्ज, ऑडिओ, आणि तिथे संगीतकारांसाठीचा ‘ओरिजिनल साउंड’ चालू करा. मीटिंग सुरू झाल्यावर त्याचं बटण पुन्हा एकदा ‘ऑन’ आहे ना ते बघा; सेटिंग्जमधली खूण पुष्कळदा एकटी पुरत नाही. हाय-फिडेलिटीचा पर्याय घेतलात तर हेडफोन लावा, कारण प्रतिध्वनी मारण्याची सोय बंद झाल्यावर शिष्याचाच सूर तुमच्या स्पीकरमधून माइकमध्ये शिरून त्याच्याकडे परत जातो. आणि रेकॉर्डिंग ऐकवायचं तर स्पीकर माइकजवळ नेऊ नका. स्क्रीन शेअर करताना ‘शेअर साउंड’वर खूण करा, आवाज आतल्या आत जातो आणि स्वच्छ जातो.

माइक अजिबातच घेत नसेल तर सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग मायक्रोफोन. तिथे अगदी खाली ‘डेस्कटॉप अ‍ॅप्स’ची वेगळी परवानगी आहे, वरच्या सगळ्या चालू असून ही एकटी बंद असू शकते.

## लिनक्सवर

उबुंटू किंवा मिंटच्या नेहमीच्या आवाजाच्या पानावर सगळं दिसत नाही. दोन हत्यारं ठेवा.

पहिलं ‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’. हे ग्राफिकल आहे आणि पाइपवायर ही नवी आवाज-यंत्रणा असलेल्या आवृत्त्यांवरही चालतं. प्लेबॅक टॅबमध्ये अ‍ॅपच्या पट्ट्या, आउटपुट टॅबमध्ये यंत्रं, आणि शेवटच्या कॉन्फिगरेशन टॅबमध्ये प्रोफाइल. आवाज एचडीएमआयकडे जात असेल तर तो प्रोफाइल तिथे बदला. पट्ट्या १०० च्या पुढे दीडशेपर्यंत जातात. व्हीएलसीबद्दल वर सांगितलं तेच इथेही लागू.

दुसरं ‘अल्सामिक्सर’, टर्मिनलमध्ये चालणारं. आधी एफ६ दाबून खरं साउंड कार्ड निवडा, नाहीतर दिसते ती एकुलती एक मुख्य पट्टी. मग बाणांनी डावी-उजवीकडे सरका. पट्टीच्या तळाशी दोन शून्यं म्हणजे मोकळी, दोन एम म्हणजे म्यूट; एम दाबून बदला. मास्टर, पीसीएम, फ्रंट आणि हेडफोन यांतली एकही म्यूट नको. एफ४ ने माइकच्या पट्ट्या येतात. पुढच्या भोकात हेडफोन नसतानाही मागचे स्पीकर गप्प असतील तर ‘ऑटो-म्यूट मोड’ शोधा आणि बंद करा.

## एवढं करूनही आवाज नसेल तर

स्पीकरची पिन काढून मोबाइलला किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही गप्प, तर स्पीकर किंवा त्याची तार. तिथे वाजला, तर दोष तुमच्या पीसीत.

पीसीत असेल तर सर्व्हिसेसच्या यादीत ‘विंडोज ऑडिओ’ शोधा, राइट क्लिक, रीस्टार्ट. मिक्सर उघडत नाही किंवा स्पीकर-चिन्हावर लाल फुली आहे, अशा वेळी हे आधी करायचं. त्याने भागलं नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये साउंडच्या यादीतलं तुमचं यंत्र अनइन्स्टॉल करा आणि मशीन रीस्टार्ट करा. विंडोज ड्रायव्हर पुन्हा बसवते. ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाची फुकट सॉफ्टवेअर्स शोधत फिरू नका. ड्रायव्हर हवा असेल तर मदरबोर्डचं मॉडेल बघून त्याच्या कंपनीच्याच साइटवरून घ्या. ड्रायव्हर बसल्यावर विंडोज आवाजाची वाट पुन्हा आपल्या मनाने निवडू शकते, तेव्हा स्पीकरचा नॉब खाली आणून टप्पा २ पासून परत या.